बुधवारचं लाटणं

श्रावणातला बुधवार. इंदूरच्या साउथ तुकोगंजमध्ये पाऊस नुकताच थांबला आहे. कचरागाडी आपलं गाणं वाजवत नाथ मंदिराकडे वळते. गाणं विरतं, तेव्हा कुठे स्वयंपाकघर ऐकू येतं. टक्, टक्. मामी डब्याच्या पोळ्या लाटते आहे.

काल नव्या सुनेची पहिली मंगळागौर होती. जागरणाला बायका जमल्या आणि स्वयंपाकघर बैठकीत आलं. लाटण्यावर लाटणं वाजलं. करवंट्यांनी झिम्मा धरला. धान्य पाखडणारी सुपं फुगडीला उभी राहिली. ढोलकी कोणी आणली नव्हती, आणि तिची आठवणही कोणाला झाली नाही.

आज सगळं जागच्या जागी आहे. सूप खुंटीवर, करवंट्या माळ्यावर, लाटणं पोळपाटावर. वस्तू त्याच, हातही तेच. मग रात्री वेगळं काय होतं? बहुधा एवढंच, की पोळीची वाट पाहणारं कोणी नव्हतं. कामात आवाज होतो. खेळात तो ऐकू येतो.

‘यादों की बारात’ आला १९७३ साली. त्यातलं ‘चुरा लिया है तुमने’ सुरू होताना काचेचा पेला किणकिणतो. राहुलदेव बर्मन यांनी तो कुठून शोधून आणला नव्हता. तसा पेला घरोघरी होता, रोज कुठे ना कुठे आपटतही होता. आपण तो फुटेल म्हणून दचकत होतो. त्यांनी कान दिला.

याच इंदुरात एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या पदरी नाना पानसे होते. त्यांच्या पखवाजाचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पखवाज वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. ती नसेल तर नाद खोल उतरत नाही. वादन संपलं की खरवडून काढतात. पुढच्या वेळी पुन्हा ताजी. म्हणजे दरबारातल्या त्या भारदस्त घुमाऱ्यातही परातीतला एक गोळा असायचाच. घर आणि मैफल यांच्यातलं अंतर कधीकधी मूठभर कणकेचं असतं.

मी दारात उभं राहून ऐकतो. मामीच्या डोळ्यांत जागरण आहे, हात मात्र सवयीनं चालले आहेत. गोळा, पीठ, चार फेरे, तवा. एक पोळी उतरते, दुसरी पडते. दर पोळीनंतर ती लाटणं पोळपाटाच्या कडेवर दोनदा टेकवते. पीठ झटकायला.

शेवटच्या पोळीनंतर ते तीनदा वाजतं.

पीठ जास्त असेल. मी विचारत नाही.