नावडता कोण?

आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 29

भगवंत इथे सांगतात, मी सगळ्यांच्या ठायी सारखाच आहे, मला कुणी द्वेष्य नाही आणि कुणी प्रियही नाही. द्वेष्य म्हणजे ज्याचा द्वेष होतो तो. आपल्या घरगुती मराठीत नावडता.

हा शब्द जरा नीट बघूया. ‘मला तो आवडत नाही’ या वाक्यात निदान ‘मला’ तरी आहे. पण ‘तो नावडता’ म्हटलं की ‘मला’ गळून जातं आणि माझ्या मनातली गोष्ट त्याचा गुण होऊन बसते.

श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं वस्त्र, राहायला गोठा. तिला दुसरं नावच नाही! आणि तिचं काय चुकलं, तेही कहाणी सांगत नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते हेच. खोट मिठात नसतेच.

हे कहाणीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवणारी घरंही आपल्याकडे होती. सातारा जिल्ह्यात 22 ऑक्टोबर 2011 ला अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली.

मग सगळे आवडलेच पाहिजेत का? मला नाही वाटत. आवड हुकमाने येत नाही. माऊली बाराव्या अध्यायात ‘अद्वेष्टा’ समजावताना पाण्याचा दाखला देतात. गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावं, हे पाण्याला ठाऊकच नाही. आमच्या कळंबच्या आसपास, इंदापूर तालुक्यात कालव्याचं आवर्तन आलं की भांडणं होतात, ती माणसांची. पाणी मात्र कुणाच्याही शेतात सारखंच मुरतं. पाण्याला वाघ आवडतो असं माऊली म्हणत नाहीत. ते त्याचा वाटा तोडत नाही, एवढंच.

आवड माझ्या हातात नाही, वाटा आहे. ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासताना आधी नाव दिसतं, कोड नंतर. नाव कुणाचंही असो, तपासणी तीच आणि बोलणंही तेच, इतकं जमलं तरी आजचा श्लोक थोडा जगल्यासारखं होईल.

देवा, मन कुणावर बसो न बसो, माझ्यामुळे कुणाच्या वाट्याला गोठा येऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.