विश्वास आणि चित्तस्वास्थ्य

दुसऱ्यावर विश्वास ठेवल्याने जीवाचे हित होते की हानी, अशी शंका जिज्ञासू पुष्कळदा उपस्थित करतात. शंका पोकळ नव्हे. विश्वासाने ठकलेले लोक घरोघर आहेत.

ठाण्यातील माजिवड्याचेच उदाहरण घ्यावे. एके काळचे हे गाव आज महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या सांध्यावर उंच इमारतींच्या गर्दीत उभे आहे. पाहुणा आला की फाटकाशी नाव लिहावे लागते, वर फोन जातो, मगच त्याला आत सोडतात. ही दक्षता अयोग्य नव्हे. फोनवर पोलिसाचे सोंग घेऊन वृद्धांची पुंजी लुबाडणारे आज आहेतच. परंतु फाटकावरचा पहारा माणूस मनातही बसवून घेतो, तेव्हा शेजारी हा शेजारी न राहता संशयित होतो. अशा मनाला झोप तरी स्वस्थ कशी लागावी?

संशय अनुभवातून येतो म्हणतात. हे कितपत खरे? 40 देशांतील 355 शहरांत 17,000 हून अधिक पाकिटे 'सापडली' म्हणून निरनिराळ्या कचेऱ्यांत देऊन पाहण्यात आली. 2019 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटेच अधिक प्रमाणात परत आली. अर्थशास्त्राच्या जाणत्यांनाही याचा अंदाज आला नव्हता! 2025 च्या जागतिक आनंद अहवालाप्रमाणे पाकिटे लोकांच्या अपेक्षेच्या सुमारे दुप्पट परत मिळतात, आणि ती मिळतील असे मानणारी माणसे अधिक समाधानी आढळतात. (समाधानी मनाला विश्वास सोपा जातो, हेही अर्थात नाकारता येत नाही.) तेव्हा बरेचसे दुःख जगाने दिलेले नसून अनुमानाच्या दोषाने ओढवून घेतलेले असते.

यावर कोणी नेवासे तालुक्यातील शनी शिंगणापूरचा दाखला देईल. तेथील घरांना दारे नसत. 2011 साली तेथे बँकेची शाखाही कुलुपावाचून उघडली. परंतु चोराला देवता शासन करील या समजुतीवर ती निर्धास्तता उभी आहे. तो देवतेच्या कोपाचा भरवसा झाला. शेजाऱ्याच्या सचोटीची परीक्षा तेथे झालेलीच नाही.

आणि स्वतःस बरे वाटावे म्हणूनच जो विश्वास ठेवतो, तो पहिल्या फसवणुकीतच तो टाकून देतो. त्याने दुसऱ्याला ओळखलेलेच नसते. ओळखायला त्याच्यापाशी जावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

म्हाइंभटांनी तो वेळ दिला. सर्वज्ञांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्यापाशी ते स्वतः चालत गेले, ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले, आणि मगच लिहिले. पुढे मूळ पोथी हरपली. स्मरणावरून पाठ पुन्हा सिद्ध करताना कथने जुळेनात, तेव्हा कोणालाही खोटे न ठरवता हा पाठ हीराइसेचा, हा परशरामबासांचा, असे नावांसह ते भेद जतन करण्यात आले. ते पोथ्यांत आजही तसेच वाचावयास मिळतात.