देवालाही शेज असते

पंढरपुरास आषाढी यात्रा जवळ आली म्हणजे शुभ दिवस पाहून देवाचा पलंग काढतात. त्या दिवसापासून विठुराया रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो. पाठीशी टेकावयास मऊ लोड तेवढा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. पायांस लिंबू-साखर चोळून ऊन पाण्याने स्नान घालतात, शीण जावा म्हणून औषधी काढा अर्पण करतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. लहानपणी वडिलांच्या तोंडून हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले होते. पाषाणाच्या मूर्तीस शीण कसला? वडील रागावले नाहीत. ‘देवाचे देव जाणे,’ ते म्हणाले, ‘आपण त्याला पंधरा दिवस उभे केले, हे आपल्या तर ध्यानात राहावे!’

हे आठवण्याचे कारण असे. आपल्या मंदिरात दर रविवारी विनामूल्य आरोग्यतपासणी होते. साकेत नगरास डॉक्टरांची वाण नाही. २०१२ साली येथील एम्समध्ये पहिले वर्ग भरले, आणि तेव्हापासून गल्लोगल्ली पांढरे डगले दिसू लागले. शहरातील निरनिराळ्या रुग्णालयांतले तरुण डॉक्टर आळीपाळीने आपल्याकडे सेवेस येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एक जण रात्रपाळी संपवून परस्पर मंदिरात आले, सभामंडपात खांबास टेकून बसले, आणि बसल्या जागी त्यांस झोप लागली. बाहेर रांग वाढत होती. आम्हीच त्यांस हलवून जागे केले, ‘डॉक्टरसाहेब, माणसे खोळंबली आहेत.’ ते उठले, नळावर तोंड धुतले, आणि दुपारी दोनपर्यंत तपासत राहिले. निघताना एका काकांनी हात जोडून म्हटले, ‘डॉक्टर म्हणजे साक्षात देव!’ त्यावर ते हसले नाहीत. गाभाऱ्याकडे पाहून म्हणाले, ‘काका, देवाला तरी दुपारी पडदा लावता.’

तो पडदा त्या दिवशी आम्हीच लावला होता.

वैद्यास नारायण म्हणण्याची आपली रीत फार जुनी आहे. तीत कृतज्ञता आहे यात शंका नाही. परंतु विचार करता असे दिसते की, ज्यास आपण देव म्हणतो त्याची भूक, झोप आणि चूक हीही त्याच क्षणी हिरावून घेतो. देवाने थकू नये, देवाने अपयशी होऊ नये! म्हणूनच सकाळी पाया पडणारे हात रोगी दगावल्यावर संध्याकाळी डॉक्टरांवर उगारलेले दिसतात. आणि गंमत अशी की, खऱ्या देवाच्या बाबतीत आपण इतके निष्ठुर नाही. त्यास काकडआरतीने हळू जागे करतो, शेजारतीने निजवितो, उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतो. विश्रांतीचा हा सारा सोपस्कार देवासाठी, आणि ज्यास केवळ उपमेने देव म्हटले त्यास मात्र खांबाचा आधार.

यावर ज्येष्ठ मंडळी म्हणतील की, सेवा म्हटली म्हणजे कष्ट आलेच. ते कनखलचे उदाहरण देतील. हरिद्वारजवळील कनखल येथे १९०१ साली स्वामी विवेकानंदांचे शिष्य कल्याणानंद यांनी रोग्यांसाठी सेवाश्रम उघडला. पुढे निश्चयानंद त्यांस येऊन मिळाले. हे निश्चयानंद मराठी घरचे, पूर्वाश्रमीचे सैनिक. रोग्यांची मलमूत्रे काढतात म्हणून इतर साधूंनी या दोघांस हीन लेखले, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांनी कधी विसावा मागितला काय?

प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही बरेच दिवस त्यापाशी अडलो होतो. पण कनखलच्या त्या दोघांनी ते व्रत स्वतः घेतले होते. स्वतः धरलेला उपवास व्रत ठरतो. दुसऱ्याच्या पुढचे ताट ओढून घेऊन त्यास ‘आज तुझी एकादशी’ म्हणणे, यास काय म्हणावे? डॉक्टरांच्या घरी आईवडील असतात, मुले असतात, फेडावयाचे कर्ज असते. त्यांनी स्वखुशीने दिलेले दोन तास ही सेवा होय. आपण ‘सेवा’ हा शब्द पुढे करून काढून घेतलेले पुढचे तीन तास कोणत्या खाती मांडावयाचे?

वडिलांच्या कपाटात चरकसंहितेची जुनी भाषांतरित प्रत आहे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच, तरी सूत्रस्थानाचा नववा अध्याय समजण्यास कठीण नाही. चिकित्सेचे चार पाद तेथे सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या चार पायांतील एक खचला तर बाज कलणारच. त्याच अध्यायाच्या शेवटी वैद्याच्या चार वृत्ती येतात: सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, साध्य रोग्याविषयी प्रीती, आणि ज्याचा काळ जवळ आला त्याच्याविषयी उपेक्षा. उपेक्षा या शब्दाने आम्ही प्रथम दचकलो. परंतु तेथे अर्थ हेळसांडीचा नव्हे, अलिप्ततेचा आहे. जे आपल्या हाती उरले नाही ते वैद्याने खाली ठेवावे, घरी वाहून नेऊ नये, अशी ती परवानगीच होय.

या शहरास ती गोष्ट अधिक कळावी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे लोटले. वायू कोणता, त्यावर उतारा कोणता, हे डॉक्टरांस ठाऊक नव्हते. डोळ्यांत थेंब घालावे, प्राणवायू द्यावा, आणि समोर माणसे मरताना पाहावी. शिकाऊ विद्यार्थीसुद्धा त्यात राबले. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण तेथे उभे राहिलेल्या विशीतल्या त्या मुलांची प्रक्षाळपूजा कोणी केली, हा प्रश्न हल्ली मनातून जात नाही.

आज निदान जगाने विषय उच्चारला आहे. जागतिक वैद्यक संघटनेने २०१७ साली आपल्या प्रतिज्ञेत वैद्याने स्वतःच्या प्रकृतीकडेही लक्ष द्यावे असे वचन घातले. आपल्या देशात १९९२ च्या केंद्रीय सूचनेत निवासी डॉक्टरांस आठवड्यास ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कार्यदलाने ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत आकडा कोणत्या दिशेने सरकला, हे वाचकांनीच पाहावे.

मोठ्या रुग्णालयांचे नियम आपल्या हाती नाहीत. रविवारची तपासणी आहे. चाळीस क्रमांक झाले की रांग थांबवावी, रात्रपाळी करून आलेल्यास बसवू नये, आणि दुपारच्या नैवेद्याबरोबर डॉक्टरांचेही पान वाढावे, असे आम्ही व्यवस्थापक मंडळास लिहून दिले आहे. यात एक अडचण आहे व ती लपविण्यात अर्थ नाही: गोविंदपुऱ्याहून दोन बस बदलून येणारी एखादी आजी एक्केचाळिसावी असेल, आणि तिला परत पाठविणे आमच्याच नशिबी येईल. तिला काय सांगावे, हे अद्याप आम्हांस सुचलेले नाही. पुढच्या रविवारचा पहिला क्रमांक तिच्या नावे लिहून ठेवू, इतकेच तूर्त ठरविले आहे.

मंडळाची बैठक येत्या रविवारी सकाळी दहास सभामंडपात आहे. त्या दिवशी तपासणी नाही.