आजाराची बातमी कोणाची?



याईराच्या मुलीचा प्रसंग आपण मार्कच्या शुभवर्तमानात ऐकतो. प्रभू येशू रडणाऱ्या-ओरडणाऱ्यांना बाहेर काढतो, मुलीचे आईवडील आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत नेतो आणि ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, असे बजावतो. मुलगी बारा वर्षांची होती. ती बावीस वर्षांची असती आणि तिच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला असता, तर आत कोणाला घ्यायचे हे कोणी ठरवायचे?

दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आईने सांगितले म्हणून आम्ही रविवारच्या मिस्सेत तिच्या सज्ञान मुलीचे नाव घेऊन, ऑपरेशनचा उल्लेख करून प्रार्थना केली. संध्याकाळी वेगळे राहणारे वडील दवाखान्यात, तिच्या खाटेपाशी हजर. तिला ते नको होते. पुढे ती एवढेच म्हणाली, "फादर, मला विचारायचं होतं ना." (हे मात्र तिला विचारूनच लिहीत आहोत.)

वडिलांची काळजी खोटी नव्हती. औषधाचे पैसेही ते देत होते. पण अशा घरांत मुलांचा रिपोर्ट फार लवकर जुन्या भांडणातला पुरावा होतो. "तुझ्याकडे राहून हिची ही दशा झाली," हे वाक्य आम्ही दोन्ही बाजूंकडून ऐकले आहे. म्हणून मुले गप्प राहतात, कधी उपचारही टाळतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायदा त्यांच्या बाजूने आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाचे गुपित फोडायचे नसते. न्यायालयाचा आदेश, कोणाला गंभीर धोका किंवा शासनाला कळवायचे रोग, एवढेच अपवाद. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

एका ठिकाणी मात्र आमचीही मती अडते. सिकलसेल आपल्या विदर्भात आहे. मुलगी वाहक निघाली, तर आईवडिलांपैकी निदान एकजण वाहक किंवा रुग्ण असतोच. आईच्या रक्तात दोष नसेल, तर मुलीच्या कागदावर वडिलांचे रक्तही लिहिलेले असते. वडिलांनी दुसरा संसार मांडला असेल आणि ती पत्नीही वाहक असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. येथे मुलीने पूर्ण गप्प राहणे आम्हाला योग्य वाटत नाही. मोठी हानी टाळायची असेल तर गुपिताला अपवाद असतो, असे आपला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. पण तेवढी एकच गोष्ट, आणि ती तिने स्वतः किंवा तिच्या संमतीने डॉक्टरने सांगावी. बाकीची फाइल तिचीच. आणि आपण वाहक आहोत हे ज्या बापाला ठाऊक आहे, त्याने ते लग्नाच्या वयाच्या मुलीपासून लपवणे आम्हाला त्याहून गंभीर वाटते. तिच्याशी बोलणे बंद असले तरी.

रुग्णांसाठीच्या प्रार्थनेची वही यापुढेही दाराशी राहील. त्यात नाव लिहावे, आजार लिहू नये. आणि सज्ञान मुलाचे नाव द्यायला आई किंवा वडील आले, तर आम्ही आधी विचारू: त्याला माहीत आहे का?