बुडितातून वर आलेला सिद्धांत

धरणासाठी गाव उठवताना सरकारी कागदावर बराच काळ फक्त जमीन दिसत असे. १८९४च्या भूसंपादन कायद्यानुसार किंमत ठरायची, मोबदला दिला जायचा आणि प्रकरण मिटायचं. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. जमिनीसोबत आणखी काय जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मांडणारं समाजशास्त्र मात्र तेव्हा नव्हतं.

ते उभं राहायला झांबेझी नदीवरचं करिबा धरण लागलं. तिथून सुमारे ५७ हजार ग्वेंबे टोंगा लोकांना हलवण्यात आलं. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या मानवशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये, म्हणजे लोक हलण्याआधीच, त्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे अनेक दशकं तो सोडला नाही. या चिकाटीचं मोल फार मोठं आहे. उठवलेला माणूस पहिली काही वर्षं नवं काहीच करू धजत नाही, ओळखीच्या माणसांना आणि रीतींना धरून राहतो, हे एका पाहणीत हाती लागलं नसतं.

महाराष्ट्रात कोयनेच्या धरणग्रस्तांकडे वळल्या त्या इरावती कर्वे. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्येच आला होता. सोयरीक कोणत्या गावांत होते, अडीनडीला कोणती भावकी धावून येते, याची जाण घेऊन त्या या कामात उतरल्या. जाई निंबकर यांच्यासह केलेली ही पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. नात्यांचा सिद्धांत इथे थेट पुनर्वसनाच्या प्रश्नाला भिडला.

पण पुढचं पाऊल विद्यापीठाने टाकलं नाही. ते धरणग्रस्तांच्या परिषदांनी आणि मोर्च्यांनी टाकलं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी तिथली. ज्यांच्या शेताला धरणाचं पाणी मिळणार, त्यांच्या जमिनीतला वाटा बुडालेल्यांना द्यायचा, हे तत्त्व १९७६च्या महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यात आलं. लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला, या अन्यायावरचं इतकं नेमकं उत्तर तोवरच्या पुस्तकांत शोधून सापडलं नसतं.

१९७४ मध्ये मायकेल सेर्निया जागतिक बँकेत पहिले समाजशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि १९८० मध्ये बँकेने सक्तीच्या विस्थापनाबाबत धोरण आणलं. तरी बँकेचंच कर्ज असलेल्या नर्मदेवरच्या सरदार सरोवरात अक्कलकुव्याच्या मणिबेलीसारखी गावं बुडायची ती बुडालीच. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी मांडल्या आणि पुढच्याच वर्षी बँकेचं कर्ज थांबलं. सेर्नियांनी नंतर आठ धोक्यांची मांडणी केली. जमीन, रोजगार आणि घर जाणं त्यात होतंच, पण गायरान-जंगलाला मुकणं आणि माणसांचे परस्परसंबंध तुटणं यांनाही त्यांनी तितकीच जागा दिली. मुळशीकरांचं म्हणणं अखेर शास्त्राच्या भाषेत आलं. सत्तर वर्षं उशिरा.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन बंधनकारक केलं. समाजशास्त्राच्या वाट्याला क्वचितच येणारा हा विजय आहे. मात्र याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक अपवाद आहे: ज्या सिंचन प्रकल्पांना दुसऱ्या कायद्याखाली पर्यावरणीय मूल्यमापन करावं लागतं, त्यांना हे सामाजिक मूल्यमापन लागू नाही. म्हणजे ज्या मोठ्या धरणांच्या बुडितातून हा विचार घडला, नेमकी तीच त्यातून सुटली आहेत. उद्या एखादं खोरं नव्या धरणासाठी रिकामं करायचं ठरलं, तर तिथली भावकी, सोयरीक आणि गायरान मोजायला कुणाला पाठवलंच पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात नाही.