अपराध कोणाचा ?

सन २००७ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत ख्रिस बेन्वा ह्या ४० वर्षांच्या नामांकित मल्लानें आपली पत्नी व ७ वर्षांचा पुत्र ह्यांचा वध करून आत्महत्या केली. मृतांजवळ त्यानें पवित्र शास्त्र ठेविलें होतें. त्याच्या देहांत बलवर्धक औषध प्रमाणाबाहेर सांपडलें. तथापि त्यामुळेंच हत्या घडली असें शवपरीक्षकांस म्हणतां आलें नाहीं. पुढें मेंदु तपासणाऱ्यांनीं सांगितलें कीं, डोक्यास वारंवार मार बसून तो ८५ वर्षांच्या स्मृतिभ्रष्ट वृद्धाच्या मेंदूसारखा झाला होता.

मग अपराध कोणाचा ? औषधाचा, आखाड्याचा, कीं मनुष्याचा ? बेकायदा औषधें देणाऱ्या त्याच्या वैद्यास सन २००९ मध्यें १० वर्षांची कैद झाली. मारामारी पाहून टाळ्या वाजविणारे मात्र निर्दोष राहिले !

शेवटच्या घटकेस त्याची बुद्धि किती शाबूत होती, ह्याचा न्याय आपण करूं नये. परंतु कारण समजलें म्हणून दोष फिटत नाहीं. शेवटीं न आवरणारा हात आरंभीं आवरतां येतो. ताडीच्या पहिल्या पेल्याचेंहि असेंच आहे. शास्त्र उशाशीं असून भागत नाहीं; बुद्धि ताब्यांत आहे तोंच पेला खालीं ठेवावा, व शेजाऱ्याच्या हातींहि तो देऊं नये.