युक्ताहार : प्रवासातील व्रत

घरी पथ्य कटाक्षाने सांभाळणारा मनुष्य प्रवासास निघाला की त्याचा नेम पहिल्याच थांब्यावर सुटतो. कामाची घाई, टळलेली जेवणवेळ आणि वाटेवरील तळणाचा खमंग वास ही निमित्ते त्यास पुरतात. ‘देवाला चाललो आहोत, एक दिवस चालेल,’ असे तो मनाची समजूत घालून म्हणतो. परंतु ज्या देहाच्या आधारे दर्शन घडावयाचे, त्याची हेळसांड देवाला कशी रुचावी?

श्रीमद्भगवद्गीतेच्या ६ व्या अध्यायात, योग कोणास साधत नाही हे सांगताना भगवंतांनी अति खाणाऱ्याबरोबरच मुळीच न खाणाऱ्याचाही उल्लेख केला आहे. आहार, विहार, निद्रा व जागृती ज्याची प्रमाणात, त्याचाच योग दुःख हरण करतो, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

सिंहगडाकडे जाणाऱ्या भाविकास या उपदेशाचे प्रत्यक्ष उदाहरण खडकवासल्यास दिसते. मुठा नदीवरील धरण पावसाचे पाणी साठवते व मोजून सोडते; म्हणून पुण्याची तहान भागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही फुटला आणि पुण्यात हाहाकार उडाला. जीवन देणारे जलच मर्यादा सुटताच संहारक झाले. अन्नाचेही तसेच आहे.

पूर्वीचे यात्रेकरू शिदोरीत दशम्या नेत. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवल्याने त्या प्रवासात टिकत. आजही भाकरी, भाजलेले चणे-शेंगदाणे, एखादे फळ व घरचे पाणी जवळ ठेवणे अवघड नाही. धरणाकाठी भज्यांऐवजी भाजलेले कणीस आणि गडावर पिठले-भाकरी व ताक घेतल्यास रसनाही तृप्त होते व नेमही राहतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ पोटभर खाल्ल्याने उपवास घडत नाही. साबुदाणा हा मुख्यतः पिष्टच होय.

मधुमेही भाविकाने विशेष जपावे. इन्सुलिन वा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन रांगेत उपाशी उभे राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी घटते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते. अशा वेळी तत्काळ तोंडात घालण्यास साखर खिशात असावी. कडक उपवास धरण्यापूर्वी वैद्यांस विचारावे. प्रकृतीस्तव उपवास न धरल्याने भक्तीस उणेपणा येत नाही.

प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्ण असतो, कारण त्याचे मोल वजनात नसून भावात आहे. देवापुढे नैवेद्य दाखवताना जी शुचिता आपण पाळतो, तीच प्रवासात स्वतःच्या घासाविषयी पाळावी. देह सुदृढ राहिला, तरच पुढील वर्षीही पाऊल देवदर्शनाच्या वाटेस लागेल.